ऑटिझमचं निदान झालंय; थेरपीचं सहा महिन्यांचं पॅकेज घेऊ का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगा २ वर्षं १० महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान लिहून दिलं. तो अजून शब्द बोलत नाही, काही हवं असलं की तुमचा हात ओढून तिथे नेतो. सेंटरवाले म्हणतात आठवड्याचे सहा दिवस या, स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हालचाली, स्पर्श-आवाज सहन करणं आणि रोजची कामं ह्यांसाठीची थेरपी) आणि बिहेवियर तिन्ही लावा, सहा महिन्यांचे पैसे आधी भरलेत तर सवलत देऊ. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बापही चौथ्या वर्षी बोलला. तुम्ही आयटीत आहात, पिंपळे सौदागरला राहता, आणि विचारता आहात की सगळ्यात चांगली थेरपी कोणती आणि नोकरी सोडू का.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. पुण्यात बरीच वर्षं ह्याच वयाच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. उत्तर लांबणार आहे.

प्रश्न 'कोणती थेरपी' असा असला, तरी तुमच्या मजकुरात एक वाक्य दोनदा आलंय: 'आता वेळ गेला तर गेला.' खरी धास्ती ती आहे, आणि पॅकेजचा निर्णयही त्या धास्तीपोटीच होऊ घातलाय. म्हणून आधी तिच्याबद्दल. लवकर सुरुवात केलेली चांगली, ह्यात वाद नाही. पण तिसऱ्या किंवा पाचव्या वाढदिवसाला कुठलं दार बंद होत नाही. २०१३ साली 'पीडिॲट्रिक्स' ह्या नियतकालिकात ५३५ ऑटिस्टिक मुलांचा एक अभ्यास छापून आला. चौथ्या वर्षी ही सगळी मुलं भाषेत खूपच मागे होती. आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर पाहिलं, तर त्यातली सुमारे ७० टक्के मुलं छोटी वाक्यं बोलत होती आणि जवळजवळ निम्मी सलग बोलत होती. पुढे गेलेल्यांमध्ये कोण होतं, तर ज्यांची शब्दांवाचूनची समज चांगली होती आणि ज्यांचा माणसांशी संबंध कमी तुटलेला होता ती मुलं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपलं बरंचसं काम तिथेच आहे. उरलेल्या तीस टक्क्यांत आपलं मूल असेल का, हे आज कुणीही सांगू शकत नाही. सांगतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टींवर बोलणारच नाही. त्याला समजतं किती, झोप कशी आहे, फिट येते का, बोलायला लागून मागे गेला का, घरात दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं, ह्यावर सल्ला बराच बदलतो. विशेषतः असलेले शब्द गेले असतील किंवा मध्येच टक लावून हरवल्यासारखा होत असेल, तर थेरपीच्या आधी बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. उशिरा बोलणारी मुलं असतात. पण ती न बोलताही पुष्कळ काही सांगतात: कावळा दाखवायला बोट करतात, मग तुम्ही पाहिलात का म्हणून तुमच्या तोंडाकडे बघतात, नको असलं की मान हलवतात. तुमचा मुलगा हात ओढतो, पण तुम्ही लिहिलंय तसं तोंडाकडे बघत नाही. त्याला तुमचा हात हवा असतो, तुम्ही नाही. डॉक्टरांनी हेच टिपलंय. आजींना हे पटवण्यात शक्ती घालवू नका, त्यांना कामाला लावा. ते पुढे सांगते.

एक तपासणी राहिली असेल तर ह्याच आठवड्यात करून घ्या: कानांची. 'चिप्सचं पाकीट वाजलं की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं' हे मी रोज ऐकते. पाकिटाचा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले सगळे ध्वनी ऐकू येणं वेगळं. लहान मुलांसाठी बेरा ही तपासणी झोपेत करतात, दुखत नाही. त्याचबरोबर बालरोगतज्ज्ञांना रक्तातलं लोह आणि बद्धकोष्ठ ह्याबद्दल विचारा. पोट साफ नसलेलं, रात्री तीनदा उठणारं मूल दिवसा शिकण्याच्या मनःस्थितीत नसतं, आणि आपण मात्र त्याला 'हट्टी' म्हणत बसतो.

आता थेरपीच्या तासांकडे. तुमचा मुलगा आठवड्यात साधारण ऐंशी तास जागा असतो. सेंटरवर सहा दिवस तास-दीड तास धरला तरी सहा ते नऊ तास होतात, आणि त्यासाठी संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून पेंगुळलेल्या मुलाला न्यायचं-आणायचं. उरलेल्या सत्तर तासांचं काय? आठवड्याला चाळीस तास थेरपी हवी, हा जो आकडा कानावर येतो, त्याचं मूळ १९८७ च्या एका अमेरिकन अभ्यासात आहे. २०२४ मध्ये 'जामा पीडिॲट्रिक्स'मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं. त्यात तास वाढवले म्हणून प्रगती वाढली असं काही दिसलं नाही. ह्याचा अर्थ थेरपी नको असा नाही. जास्त म्हणजे चांगलं, हे गृहीत धरून पैसे भरू नका, एवढाच.

दुसरीकडे, २०१६ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आलेला गोवा आणि रावळपिंडीतला अभ्यास मला आपल्याकडच्या घरांसाठी जास्त उपयोगी वाटतो. तिथे तज्ज्ञ नव्हते. शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते पंधरा दिवसांतून एकदा पालकांना भेटायचे, आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढायचे आणि तो तिच्याबरोबर बसून बघायचे: इथे तो तुझ्याकडे वळला होता, तू तेवढ्यात बोलत सुटलीस. सहा महिन्यांत पालक मुलाच्या लयीत येऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मोजमापांत सुधारणा झाली असं नाही, पण पंधरा दिवसांतून एका भेटीत एवढं साधलं.

म्हणून माझा सल्ला असा की आठवड्यातून दोन, फार तर तीन सेशन घ्या, आणि प्रत्येक सेशनमधून घरी करायची एकच गोष्ट घेऊन या. ह्या वयात, शब्द नसलेल्या मुलासाठी, ती पहिली गोष्ट जवळजवळ नेहमी 'मागणं' असते. बोलणं नव्हे, मागणं. ज्याला मागता येतं त्याला माणसाची गरज कळते, आणि बोलणं त्यामागून येतं.

कसं करायचं ते फ्रिजपासून सांगते. तो तुमचा हात धरून फ्रिजकडे नेतो. आज तुम्ही दार उघडता, तो दही घेतो, जातो. उद्यापासून हात दारावर ठेवा आणि थांबा. त्याच्या उंचीला खाली बसा, चेहरा त्याच्या समोर येऊ द्या. काही बोलू नका, मनात पाच मोजा. हे पाच आकडे फार जड जातात. बहुतेक आया दोनवरच 'काय हवंय? दही हवंय? बोल ना, दही म्हण' सुरू करतात, आणि इतके शब्द कानावर पडले की मूल तोंड फिरवतं. तो बघेल, तुमचा हात ढकलेल, एखादा आवाज काढेल. ह्यातलं जे काही तुमच्याकडे वळून केलेलं असेल ते मागणं समजा. लगेच 'उघड' असा एकच शब्द म्हणा आणि उघडा. नाकासमोर दही धरून 'आधी बोल, मग देते' असं करू नका. त्याने अजून शब्द शिकलेला नाही, तो अडवून मिळणार नाही. मिळेल ते रडणं.

ह्याच चालीवर दिवसभरात अशा जागा तयार करायच्या. कुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा आणि बरणी त्याच्या हातात द्या; झाकण निघालं नाही की ती तुमच्याकडे येईल. वाटीत चार-पाचच कुरमुरे घाला, म्हणजे पुन्हा यावं लागेल. अंघोळीला तांब्या डोक्यावर धरून थांबा. झोका दिला की पुढचा झोका देण्याआधी दोरी धरून ठेवा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये बटण दाबण्याआधी थांबा. ह्यातल्या बऱ्याच मुलांना लिफ्ट मनापासून आवडते, तिचा फायदा उठवा. एका वेळी तीन-चारच जागा ठरवा आणि प्रत्येकीचा शब्द ठरवून टाका: उघड, दे, पाणी, झोका. शब्द कागदावर लिहून फ्रिजला लावा. आजी 'दे' म्हणणार, बाबा 'गिव्ह मी' आणि सांभाळणाऱ्या मावशी 'पाहिजे का' म्हणणार असतील, तर मुलाच्या कानाला तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात.

आता आजी. आजींना वेळ असतो आणि त्या घाई करत नाहीत, हे दोन्ही गुण आपल्याला हवेत. त्यांना 'थेरपी करा' म्हटलं तर त्या बिचकतील. त्याऐवजी सांगा की रोज दुपारी मांडीवर घेऊन एकच बडबडगीत म्हणायचं, त्याच हातवाऱ्यांसह, आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. पंधरा दिवस काही होणार नाही. मग एखाद्या दिवशी तो त्या थांबण्याच्या जागी आजींच्या तोंडाकडे बघेल. त्या दिवसापासून सासूबाई तुमच्या बाजूला येतील, हेही बघा.

ह्यावरून भाषेचा मुद्दा. 'पुढे शाळा इंग्रजी आहे, म्हणून घरात फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला तुम्हाला मिळेल, कदाचित मिळालाही असेल. मी तो देत नाही. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट ज्या भाषेत आईला लाड करता येतात, रागावता येतं, तीच काढून घेतली तर घरात 'सिट डाऊन, कम हिअर, व्हॉट कलर' एवढंच उरतं. मुलगा यूट्यूबवरची एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे म्हणत असेल तर तेही खरं शिकणं आहे, त्यात पाणी मागता येत नाही एवढंच. घरात मराठी बोलत असाल तर मराठीच बोला.

मोबाईलबद्दल एवढंच की जेवताना मोबाईल दाखवत असाल तर तो हळूहळू काढा, एका दिवसात हिसकावून नको. आणि स्क्रीनमुळे होणारा म्हणून सांगतात तो 'व्हर्च्युअल ऑटिझम', असं कुठलंही निदान वैद्यकीय वर्गीकरणात नाही. स्क्रीन कमी केल्याने माणसांसाठी वेळ मिळतो, म्हणून कमी करायची. तुम्ही मोबाईल दिला म्हणून हे झालेलं नाही. नोकरी केलीत म्हणून नाही, आणि लशींमुळे तर नाहीच. लशींचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. राहिलेल्या लशी वेळेवर द्या.

चित्रं दाखवून मागायला शिकवलं तर तो बोलायचा नाही, ही भीतीही मनातून काढा. चित्रांमुळे बोलणं अडत नाही. पुष्कळदा शब्द त्याच्या मागोमाग येतात. आणि नाहीच आले, तरी मागण्याची सोय त्याच्या हातात राहते.

सेंटर निवडताना मी काय बघेन? पहिल्याच भेटीत विचारा, 'मी आत बसू का?' पालकांना बाहेर बसवून दार लावणाऱ्या ठिकाणी ह्या वयाच्या मुलाला मी पाठवणार नाही. पुढच्या तीन महिन्यांत नक्की काय साधायचं हे लिहून मागा. 'आय कॉन्टॅक्ट सुधारेल' हे उद्दिष्ट नव्हे. 'दिवसातून दहा वेळा आपणहून मागेल' हे उद्दिष्ट. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ह्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिचा क्रमांक विचारायला संकोच करू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार परिषदेकडे असते. सहा महिन्यांचे पैसे आधी भरू नका, सवलत कितीही असो. एकदा पैसे अडकले की मूल तिथे रोज रडत असलं तरी पाय निघत नाही. रोज रडणारं मूल शिकत नसतं.

ओटी लागेल का? त्याला कपड्यांचा, आवाजाचा, खाण्यातल्या पोताचा त्रास असेल, तोल जात असेल, तर हो. नुसतं निदान आहे म्हणून नाही.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींच्या उपचाराची जाहिरात तुमच्या फोनवर आतापर्यंत आलीच असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं मूळपेशी रोपण सोडलं, तर बाकी सगळा वापर संशोधनातच मोडतो. उपचार म्हणून तो पैसे घेऊन देता येत नाही. ऑक्सिजन चेंबर आणि शरीरातले धातू काढणारी औषधंही नकोत, त्या औषधांनी तर जिवाला धोका होऊ शकतो. गहू-दूध बंद करण्याचाही ठोस फायदा दिसलेला नाही, आणि चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन पदार्थ काढून घेणं म्हणजे उपासमार. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. पुढे कधी झोपेसाठी किंवा टोकाच्या चिडचिडीसाठी डॉक्टर औषध देतील. ते चूक नाही.

सुरक्षिततेकडे मात्र आजच बघा. ह्यातली पुष्कळ मुलं न सांगता चालू पडतात, हाक मारली तरी वळत नाहीत, आणि पाण्याकडे ओढली जातात. दाराला वर, त्याच्या हाताला न येईल अशी कडी लावा. सोसायटीच्या वॉचमनला मुलाचा चेहरा दाखवून ठेवा, स्विमिंग पूलचं फाटक बंद राहील असं कमिटीकडून लिहून घ्या. मनगटावर फोन नंबरचा पट्टा बांधा.

पुण्यात राहायचं तर ढोल-ताशांचंही बघावं लागतं. गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे सराव सुरू होतो आणि नदीकाठच्या पुलांवरून जाताना मुलं कान झाकून किंचाळतात. आवाज अडवणारे मोठे हेडफोन आधी घरी मिक्सर-कुकर चालू असताना घालून सवय लावा. मानाचे गणपती बघायचे तर पहाटे सहा-साडेसहाला जा. मिरवणूक ह्या वर्षी राहू दे. नातेवाईक 'सवय होईल' म्हणतील. कान झाकून रडणाऱ्याला गर्दीत उभं केल्याने सवय होत नाही, भीती पक्की होते.

कागदपत्रांना आता सुरुवात केलीत तर पुढे धावपळ होणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझम आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्र-ओळखपत्रासाठी अर्ज करायचा आणि ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. तिथे इसा नावाच्या चाळीस मुद्द्यांच्या मापावर मुलाला बघतात. जाताना मुलाचे घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या, कारण अनोळखी खोलीत तो नेहमीसारखा वागेलच असं नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते. कपाळावर शिक्का बसेल म्हणून पुष्कळजण हे टाळतात. शिक्का कपाटात ठेवता येतो, शाळेत प्रवेश किंवा परीक्षेत सवलत मागायची वेळ आली की बाहेर काढायचा.

प्लेग्रुपला निदान सांगायचं. न सांगता घातलेल्या मुलाला दोन महिन्यांत 'घेऊन जा' म्हणतात. सांगितल्यावरही घेणाऱ्या शाळेला आपण कुठल्या मुलाला घेतोय हे आधीच ठाऊक असतं.

राहिली नोकरी. माझं मत, निदान सहा महिने तरी राजीनामा देऊ नका. निदानाच्या महिन्यात घेतलेले निर्णय घाबरून घेतलेले असतात. शिवाय हा खर्च सहा महिन्यांचा नाही, पुष्कळ वर्षांचा आहे, आणि दोन पगारांची घरं तो जास्त शांतपणे पेलतात. नोकरी सोडलेली आई चोवीस तास थेरपिस्ट होते, मुलाच्या प्रत्येक आवाजाचं मोजमाप करते आणि वर्षभरात थकून जाते. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळतं का बघा; ते सेशनच्या दिवशी घ्या. घरात दिवसा सांभाळायला कुणीच नसेल किंवा मुलाला फिट येत असतील, तर गणित वेगळं आहे, तेव्हा सुट्टी लांबवा.

तुमच्या पूर्ण मजकुरात नवऱ्याचा उल्लेख 'त्यांना वेळ नसतो' एवढाच आहे. अंघोळ आणि झोपवणं ही दोन कामं त्यांना द्या. तांब्या धरून थांबायला त्यांनाही येईल, आणि बाबाकडे मागणं हे मुलासाठी वेगळं शिकणं आहे. रविवारी सकाळी दोन तास ते मुलाला घेऊन बाहेर जातील आणि तुम्ही झोपाल, हे आजच ठरवून टाका.